तेरणाकाठचे तेर : पांढरीच्या मातीतला आपला वारसा कसा वाचायचा?



मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्ये आम्ही तरुणांची अभ्यास शिबिरे घेतो. धाराशिव जिल्ह्यातल्या अशाच एका शिबिरात बारावीच्या एका मुलाने प्रश्न विचारला, "दादा, गावात सगळ्यांकडे काही ना काही जुनं आहे. कुणाची गढी आहे, कुणाचं देऊळ आहे, कुणाच्या घराण्याची वंशावळ आहे. आपला इतिहास 1956 पासूनच का सुरू होतो?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, नाशिक अशी लेण्यांची नावे घेतली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते सगळं लांब आहे. आपल्या शिवारात काय आहे?"

या प्रश्नाने आम्हाला गप्प केले, कारण त्याचे उत्तर त्या वस्तीपासून एका एसटीच्या अंतरावर होते आणि शिबिरातल्या तीसेक मुलामुलींपैकी कुणीही तिथे गेलेले नव्हते. गोरोबाकाकांच्या यात्रेला गेलेले होते. पण त्याच गावात स्तूप सापडला आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखकाने त्या गावाचे नाव लिहून ठेवले आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ते गाव म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर. हा लेख त्या मुलाला द्यायला हवे होते ते उत्तर आहे.

काळी आणि पांढरी

तेर हे धाराशिव शहरापासून साधारण 20-25 किलोमीटरवरचे गाव. तालुक्याचे ठिकाणही नाही. तेरणा नदी बालाघाटच्या रांगेत उगम पावते, तेरवरून पुढे जाते, मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. म्हणजे तेरच्या घाटावरचे पाणी शेवटी आंध्रच्या बाजूने समुद्राला जाते. हा भूगोल लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाच्या जमिनीला पांढरी. पिढ्यान् पिढ्या माणसे एकाच जागी राहिली की घरांच्या पडक्या भिंती, चुलीतली राख, फुटकी खापरे, शेण, चुना हे सगळे एकावर एक साचत जाते. त्यातून उंचवटा तयार होतो आणि मातीचा रंग बदलतो. ती पांढरी. मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर टाकायला हीच पांढरी माती चांगली म्हणून लोक जुन्या टेकाडांवरून ती खणून नेत आले. तेरमध्ये नदीच्या काठाने अशी अनेक टेकाडे आहेत. पावसाळ्यात पाण्याने माती वाहून गेली की मणी, नाणी, खापराच्या बाहुल्या उघड्या पडायच्या. मुले त्यांच्याशी खेळायची.

या वस्तूंचे मोल ओळखून त्या गोळा करणारा माणूस तेरमध्येच होता. रामलिंगप्पा लामतुरे हे त्यांचे नाव. त्यांनी आयुष्यभर अशा हजारो वस्तू जमवल्या, त्यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज तेरमधले शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. एका खेडेगावात इतके समृद्ध संग्रहालय असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. एका गावकऱ्याने लक्ष दिले म्हणून ते घडले.

तगर म्हणजेच तेर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव आपल्याला माहीत नाही. त्यात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नोंद आहे. एक पैठण आणि दुसरी तगर. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो लिहितो. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आहे.

हे तगर कुठले, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कुणी देवगिरी म्हटले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूरचे नाव घेतले. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे मांडले. अंतर आणि दिशा जुळत होत्या, नावाचा अपभ्रंश पटण्यासारखा होता. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला आले, त्यांनी टेकाडे आणि देवळे पाहिली आणि फ्लीटच्या म्हणण्याला जमिनीवरचा आधार मिळाला. पुढे 1958 मध्ये चापेकरांनी इथे उत्खनन केले. त्यानंतर 1960 आणि 1970 च्या दशकांतही उत्खनने झाली आणि सातवाहन काळातले भरभराटीचे नगर या टेकाडांखाली असल्याचे स्पष्ट झाले.

फ्लीटचे मत लोकांनी मान्य केले ते त्याच्या पदामुळे नाही. लेखी उल्लेख, भूगोल, नाव आणि उत्खनन हे चार वेगवेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते, म्हणून ते टिकले. इतिहासातला दावा असा उभा राहतो.

बैलगाड्या, कापड आणि हस्तिदंत

पेरिप्लसचा लेखक सांगतो की पैठण आणि तगरचा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येत असे. तगरहून काय येई? मुख्यतः कापड. साधे जाडेभरडे कापड मोठ्या प्रमाणात, तलम मलमल आणि आणखी काही प्रकारचे वस्त्र. शिवाय किनाऱ्याकडून तगरला आलेला मालही पुढे जाई.

एका ओळीच्या या नोंदीमागे किती माणसे उभी आहेत, याचा विचार करा. कापूस पिकवणारा शेतकरी, वेचणाऱ्या बाया, सूत कातणाऱ्या, विणकर, रंगारी, धुलाई करणारे, गाड्या बनवणारे सुतार, बैल हाकणारे गाडीवान. तेरच्या उत्खननात मण्यांचे, शंखाच्या बांगड्यांचे, मातीच्या आणि केओलीन या पांढऱ्या मातीच्या मूर्तींचे अवशेष मोठ्या संख्येने मिळाले. शंख समुद्रातला, म्हणजे तो शेकडो किलोमीटर प्रवास करून इथे आला. रोमन धाटणीचे मातीचे दिवे मिळाले. रोमन नाण्यांच्या मातीत काढलेल्या नकला मिळाल्या. त्यांना भोक पाडून लोक त्या गळ्यात घालत. परदेशी नाणे ज्याला परवडत नव्हते तो मातीचे घालत होता.

संग्रहालयातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्री-मूर्ती. इटलीतले पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. 1938 च्या सुमारास तिथे एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती महाराष्ट्रात भोकरदन आणि तेर या दोन ठिकाणी मिळाल्या आहेत. पाँपेईची मूर्ती नेमकी कुठे घडवली गेली हे सांगता येत नाही. पण ज्या कारागिरीची वस्तू रोमन श्रीमंताच्या घरापर्यंत पोचली, ती कारागिरी तेरणाकाठी माहीत होती, एवढे नक्की.

स्तूप कुणाच्या पैशातून उभा राहिला?

तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. त्याच्या तळाची रचना चाकासारखी आहे. मध्यभागातून बाहेर जाणाऱ्या भिंती म्हणजे जणू चाकाचे आरे, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत मातीची भर. या रचनेत विटा कमी लागतात आणि भराव फुगून बाहेर पडत नाही. चाक हे धम्मचक्राचेही रूप आहेच. असे चक्राकार स्तूप आंध्रमध्ये नागार्जुनकोंड्याला मोठ्या संख्येने मिळाले. तेरला अमरावती शैलीशी नाते सांगणारे कोरीव दगडही मिळाले आहेत. आता सुरुवातीचा भूगोल आठवा. तेरणा, मांजरा, गोदावरी, आणि पुढे आंध्र. पश्चिमेकडे भडोचचा रस्ता आणि पूर्वेकडे आंध्रचा. तेर या दोन्हींच्या मध्ये होते. ज्या वाटेने कापड जात होते त्याच वाटेने भिक्खू येत होते, शिल्पी येत होते आणि बांधकामाची तंत्रेही येत होती.

हा स्तूप बांधायला पैसा कुणी दिला, हे सांगणारा लेख तेरला नाही. पण त्याच काळात महाराष्ट्रात दान कसे चालत होते, हे लेण्यांवरचे शिलालेख तपशीलवार सांगतात. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे त्या-त्या व्यवसायाची संघटना. नाशिकच्या एका लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे चालवणारे यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. ती ठेव एका उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेवली होती. सांचीच्या तोरणावर विदिशाच्या हस्तिदंत कारागिरांनी स्वतःचे नाव कोरून घेतले आहे.

नाशिकच्या लेणी क्रमांक 10 मधला उषवदाताचा लेख तर हिशेबाच्या वहीसारखा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे 2,000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा 1. म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240 कार्षापण. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो. आणखी 1,000 कार्षापण दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. राजघराण्यातला माणूस आपला पैसा विणकरांकडे ठेवतो आहे. त्यांच्याकडे पतपेढीसारखी संस्था आहे, त्यांचा शब्द चालतो, ठेव बुडणार नाही याची खात्री आहे. आज आपण ज्यांना कारागीर जाती म्हणतो आणि ज्यांच्या वाट्याला पुढे बलुत्याची चार पायली धान्ये आली, ते लोक त्या काळी संघटित होते आणि भिक्खू संघाच्या जगण्याची जबाबदारी घेत होते. तगरसारख्या कापडाच्या पेठेतही स्तूपामागे असेच हात असावेत, असे अनुमान करता येते. ते अनुमान आहे हे लक्षात ठेवून करायचे.

त्रिविक्रम मंदिर : पुरावा किती आणि दावा किती

आता त्या विषयाकडे येऊ, ज्यावर आपल्या तरुणांच्या मोबाइलवर सर्वाधिक मजकूर फिरतो.

तेरमध्ये त्रिविक्रमाचे विटांचे जुने देऊळ आहे. त्याचा मागचा भाग चौकोनी नसून अर्धगोल आहे. छत आतून कमानदार, पिंपाचा अर्धा भाग उपडा ठेवावा तसे. समोरून पाहिले तर वरच्या बाजूला घोड्याच्या नालेच्या आकाराची चैत्यकमान दिसते. कार्ले किंवा भाजे येथील चैत्यगृह ज्याने पाहिले आहे त्याला हे देऊळ पाहताक्षणी ओळखीचे वाटते. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे आपल्याकडे अनेक आहेत, पण विटांनी बांधलेली आणि छतासह उभी राहिलेली वास्तू फारच विरळ. आंध्र प्रदेशात चेजर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ याच प्रकारचे आहे. तेरच्या देवळापुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे आणि आतली त्रिविक्रमाची मूर्तीही मूळ बांधणीनंतरची आहे, असे कझिन्सपासून अनेक अभ्यासकांनी मांडले. म्हणून हे मूळचे बौद्ध चैत्यगृह, असे मत रूढ झाले.

हे मत आम्हालाही पटते. पण याच्या विरोधात काय म्हणता येईल, तेही माहीत असायला हवे. अर्धगोल मागच्या भागाची वास्तू केवळ बौद्धांनीच बांधली असे नाही. ऐहोळेचे दुर्ग मंदिर अर्धगोल आहे आणि ते बौद्ध नाही. म्हणजे नुसत्या आकारावरून निकाल देता येत नाही. तेरच्या बाबतीत आकाराला जोड मिळते ती गावातच सापडलेल्या स्तूपाची, इतर बौद्ध अवशेषांची, आणि वास्तूत नंतर झालेल्या बदलांची. हे सगळे एकत्र ठेवले की बाजू भक्कम होते.

आमच्या शिबिरात एका कार्यकर्त्याने आवेशात सांगितले, "महाराष्ट्रातलं प्रत्येक जुनं देऊळ म्हणजे विहारच." टाळ्या पडल्या. जेवणानंतर त्याच्याशी बोलताना आम्ही विचारले, "तेरचेच कालेश्वराचे देऊळही विटांचे आणि जुने आहे. तेही विहारच का?" तो थांबला. कालेश्वर मंदिराची बांधणी वेगळी आहे आणि ते चैत्य होते असे म्हणायला आधार नाही. 'प्रत्येक देऊळ' म्हटल्याने नुकसान आपलेच होते. समोरचा माणूस त्यातले एक चुकीचे उदाहरण दाखवतो आणि त्याबरोबर खरे उदाहरणही हसण्यावारी नेतो. तेरचे चैत्यगृह हे खरे उदाहरण आहे. ते असे उधळून टाकायचे नाही.

दुसरी गोष्ट. हे आज पूजेतले देऊळ आहे. गावकऱ्यांची तिथे श्रद्धा आहे. पुरावा समजून घेणे वेगळे आणि ताबा मागणे वेगळे. आमचे म्हणणे एवढेच, की गावाच्या इतिहासात हे पान असले पाहिजे, आणि बौद्ध घरातले मूल तिथे गेले तर त्याला या भिंतींची पूर्ण गोष्ट ऐकायला मिळाली पाहिजे.

मग धम्म इथून गेला कुठे?

याचे उत्तर एका तारखेत किंवा एका लढाईत मिळत नाही. रोमन जगाशी असलेला व्यापार तिसऱ्या शतकापासून उतरणीला लागला. सातवाहनांची सत्ता संपली. लांबच्या व्यापारावर उभ्या असलेल्या पेठा दुबळ्या झाल्या की श्रेणींकडच्या ठेवी, त्यांचे व्याज आणि त्यावर चालणारे विहारही दुबळे होतात. त्याच वेळी राजे ब्राह्मणांना आणि देवळांना जमिनी दान देऊ लागले. विहाराचा आधार पेठ होता, देवळाचा आधार शेतजमीन झाला.

तेर लगेच ओस पडले नाही. इसवी सन 612 च्या चालुक्य ताम्रपटात तगरच्या एका रहिवाशाला दान दिल्याचा उल्लेख आहे. पुढे शिलाहार राजे आपल्या बिरुदांत तगरपुराचे स्वामी असल्याचे अभिमानाने मिरवत. जैन ग्रंथ 'करकंडचरिउ' मध्ये तेरापूर येते, आणि तेरमध्ये आजही जैन मंदिर आहे. म्हणजे एकाच नदीकाठावर बौद्ध, जैन, शैव, वैष्णव असे थर आहेत. पांढरीचे टेकाड उभे कापले की मातीचे थर दिसतात, तसे.

मध्ययुगात तेर ओळखले गेले ते गोरा कुंभारांमुळे. तेराव्या-चौदाव्या शतकातले हे संत तेरचे. संतांच्या मेळ्यात थापटण्याने डोकी ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी सांगितले, ही कथा घरोघरी माहीत आहे. याच संतमंडळात चोखामेळा होते. दोघेही कष्टकरी, दोघेही विठ्ठलाचे भक्त. तरी गोरोबा बलुतेदार म्हणून गावकुसाच्या आत होते आणि चोखोबा गावकुसाबाहेर. ज्या व्यवसायांच्या श्रेणी एकेकाळी स्वतःच्या नावाने शिलालेख कोरवून घेत, ते व्यवसाय आता जातींत बंद झाले होते, आणि त्यांच्याही खाली, वेशीबाहेर, आपली माणसे होती. श्रेणी ते जात हा प्रवास समजून घेतल्याशिवाय तेरचा इतिहास पुरा होत नाही.

आपण त्या बौद्धांचे वंशज आहोत का?

हा प्रश्न शिबिरात हमखास येतो. बाबासाहेबांनी 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडणी केली, की अस्पृश्य हे मूळचे वाताहत झालेल्या टोळ्यांतले लोक, ते बौद्ध होते आणि म्हणून त्यांच्यावर बहिष्कार आला. पण याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते आपल्या पद्धतीविषयीही बोलतात. पुराव्याचे दुवे तुटलेले असतील तिथे अभ्यासकाला अनुमानाने ते जोडावे लागतात आणि तसे अनुमान तपासायला खुले असते, ही त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांचा निष्कर्ष पाठ करणे सोपे आहे, त्यांची ही शिस्त पाळणे अवघड आहे.

तेरमध्ये कापड विणणारा उपासक आणि आजच्या भीमनगरातले एखादे कुटुंब यांच्यात रक्ताचे नाते जोडणारा कागद नाही. आम्हाला त्याची गरजही वाटत नाही. जन्माने वारसा सांगणे ही तर जातीची रीत. बुद्धाने माणसाची थोरवी कर्मावर ठेवली. धम्माचा वारसा स्वीकाराने मिळतो. 14 ऑक्टोबर 1956 ला ज्यांनी तो स्वीकारला, त्यांना तेरच्या स्तूपावर आपले म्हणून प्रेम करण्याचा पूर्ण हक्क आहे.

जवळचा इतिहास : तडवळे ते वस्तीची विहीर

तेरच्या परिसरात आपला अलीकडचा इतिहासही आहे आणि तोही असाच दुर्लक्षित आहे. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब तिथे आले होते. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध त्यांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते, त्या लढ्याचाच हा पुढचा टप्पा. तडवळ्यात बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली, 51 गाड्या होत्या, अशी आठवण सांगितली जाते. पेरिप्लसच्या लेखकाने याच मुलखातल्या गाड्या पाहिल्या होत्या किंवा ऐकल्या होत्या. तेव्हा त्यांवर कापडाचे गठ्ठे होते. एकोणीसशे वर्षांनी त्यांवर स्वाभिमान शिकायला निघालेली माणसे होती.

त्यानंतर 1948 मध्ये निजामाची राजवट संपली. 1950 मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले आणि या भागातली पहिली पिढी तिथे शिकायला गेली. 1956 नंतर गावोगाव येसकरकी आणि मेलेली गुरे ओढणे सोडले गेले. त्यासाठी बहिष्कार सोसले. 27 जुलै 1978 ला विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या, आणि 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. हे सगळे पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत.

तेरणाकाठच्या एका वस्तीतल्या आजीने आम्हाला नदीचे पाणी कसे भरायचे ते सांगितले. वरच्या अंगाला गावचा पाणवठा, खाली गुरे, त्याच्या खाली आपला. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरा खणायचा. तोही गावाच्या झिऱ्यापासून लांब. "मग 56 नंतर?" आम्ही विचारले. ती म्हणाली, "मग काय, आम्ही वर सरकलो." तीन शब्दांत तिने धर्मांतराचा अर्थ सांगितला. तिचे हे म्हणणे कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. ते लिहून घेतले नाही तर तिच्याबरोबर जाईल.

आपण काय करू शकतो

पहिले, तेरला जा. वस्तीतल्या मुलांची सहल काढा. आधी संग्रहालय पाहा, मग टेकाडे, मग त्रिविक्रम मंदिर. या क्रमाने पाहिले तर वस्तू, जागा आणि वास्तू यांचा संबंध लागतो.

दुसरे, टेकाडावर काही सापडले तर उचलून घरी आणू नका आणि विकू तर मुळीच नका. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती यावरून तिचा काळ ठरतो. जागेवरून हलवली की तिची निम्मी माहिती नष्ट होते. जागेचा फोटो काढा आणि संग्रहालयाला किंवा तहसील कार्यालयाला कळवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार हा गुन्हा आहे.

तिसरे, टेकाडावरची माती उपसली जात असेल, तर ग्रामसभेत विषय मांडा. फक्त बौद्ध म्हणून नको, गावकरी म्हणून मांडा. कुंभार, कोष्टी, जैन, वारकरी अशा सगळ्यांचा इतिहास त्या एकाच मातीत आहे. सोबती मिळतील.

चौथे, पोस्ट पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कुणी पाहिले? कुठे नोंदवले? याच्या विरुद्ध काय म्हटले जाते? तिन्हींची उत्तरे नसतील तर पोस्ट थांबवा.

पाचवे आणि सर्वांत तातडीचे, आपल्या वस्तीतल्या सत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाशी बोला. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, तारीख आणि गावाचे नाव सांगून ठेवा. पाणी कुठून भरायचे, वतनाचे काम कुणाकडे होते, दीक्षा कुणी दिली, शाळेत पहिले कोण गेले. हजारो वस्तू जमवणाऱ्या लामतुऱ्यांनीही सुरुवात एका वस्तूपासूनच केली असेल.

त्या शिबिरानंतर महिनाभराने आम्ही वीस मुलांना घेऊन तेरला गेलो. प्रश्न विचारणारा मुलगा संग्रहालयात रोमन नाण्याच्या मातीच्या नकलेपाशी बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, ज्याच्याकडे सोन्याचं नव्हतं त्याचंही काहीतरी उरलं की." मग त्याने वही काढली आणि पहिल्या पानावर आपल्या आजीचे नाव लिहिले.

जयभीम. नमो बुद्धाय.